उतारा आणि उडारा

चांगली बातमी आली की इतरांना आनंद होतो, मला शंका येते. त्या दिवशी दुपारी कारखान्यातल्या नव्या मोठ्या टाकीतला पहिला माल वाळून वजनकाट्यावर चढला, दोनशे पंच्याऐंशी किलो भरला, मी आकडेमोड केली आणि उतारा सत्त्याण्णव टक्के निघाला. माझ्या मोठ्या दिरांनी हॉलच्या मधोमध उभं राहून टाळी वाजवली. मी मात्र पेन दातात धरून तशीच बसून राहिले.

"काय झालं केमिस्टबाई? आकडा कमी पडला का?" भाऊजींनी विचारलं.

"नाही, चांगला आहे."

"मग चेहरा असा का? आत्ता कुणी गेल्यासारखा?"

काही चुकलं असलं की मला बरं वाटतं, कारण काय चुकलंय ते शोधायला लागता येतं. सगळंच बरोबर आलं की माझी नजर भिरभिरायला लागते. म्हणूनच घरात माझं नाव शंकासुर पडलंय. ते ठेवलं मोठ्या जाऊबाईंनी, आणि इतक्या प्रेमानं ठेवलं की आता माझा नवरासुद्धा फोनवर "शंकासुर आहे का?" असं विचारतो. तो त्या दिवशी मालाचे नमुने घेऊन बाहेरगावी गेला होता. कारखान्यात भाऊजी, जाऊबाई, मी आणि टाकी सांभाळणारा माणूस, एवढेच होतो. टाकीवाल्याला आम्ही ढवळ्या म्हणतो. माणूस चांगला बाप्या आहे, दोन लेकरांचा बाप. पण आयुष्यभर ढवळत आलाय, म्हणून ढवळ्या.

आमचा धंदा ऐकायला फार साधा आहे. सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबातलं आंबट, पाण्यात विरघळवायचं आणि त्यात हळूहळू खायचा सोडा सोडायचा. फसफस होते. फसफस थांबली की पाणी आटवायचं, खाली पांढरे स्फटिक बसतात. हे सोडियम सायट्रेट. लघवीची जळजळ होते तेव्हा डॉक्टर जे आंबटगोड औषध देतात, त्यात ते पडतं. दोन्ही वस्तू स्वयंपाकघरातल्या. त्यामुळे आमच्या घरात रसायनांची भीती अशी कुणाला नव्हतीच. भाऊजी तर पाहुण्यांना सोडा चाटून दाखवायचे.

हे सगळं सुरू केलं सासऱ्यांनी. शाळेपलीकडे शिकले नव्हते, पण सूत्रं त्यांना तोंडपाठ. सायट्रिक ॲसिडचं सूत्र ते नातवंडांना मांडीवर थोपटताना म्हणायचे: सी सहा, एच आठ, ओ सात. हॉलच्या भिंतीवर त्यांनी स्वतःच्या हातानं एक फळा रंगवला होता. त्यावर तीन रकाने: टाकलं, उतारा, उडारा. टाकलं म्हणजे टाकीत किती घातलं. उतारा म्हणजे जेवढं निघायला हवं त्यातलं हाती किती आलं. आणि उडारा हा शब्द त्यांचा स्वतःचा, उताऱ्याला यमक जुळवून केलेला. जे उडून गेलं ते. पहिले दोन रकाने रोज भरले जायचे. तिसऱ्यात सासरे नुसती एक आडवी रेघ मारायचे आणि हसायचे, "उडालं त्याला कोण मोजतंय!" ते गेल्यावर भाऊजीही तशीच रेघ मारायला लागले.

तर उतारा सत्त्याण्णव. भाऊजींनी तो आकडा फळ्यावर ठळक लिहिला, तिसऱ्या रकान्यात रेघ मारली आणि ढवळ्याला म्हणाले, "दुसरी टाकी चालू ठेव. आता थांबायचं नाही." दुसरी टाकी, म्हणजे त्याच टाकीतली दुसरी खेप, जेवणाच्या सुट्टीआधीच लावली होती. ढवळ्या शिडीवर उभा राहून मापानं सोडा सोडत होता आणि टाकीतून सतत फस्स असा आवाज येत होता.

मी माझ्या काचेच्या खोपटात जाऊन बसले. तिथे माझा छोटा तराजू, दोन-चार बाटल्या आणि एक स्टूल. एरवी अशा वेळी जाऊबाई डोकावून काहीतरी टोमणा मारून जातात आणि माझं मन हलकं होतं. त्या दिवशी त्या येणार नव्हत्या, कारण सकाळी आमचं वाजलं होतं.

वाजायला कारण एवढंसं. आदल्या दिवशी त्यांचं डोकं दुखत होतं. पहिली टाकी चालू असताना त्या तळघरात बसून बाटल्यांना लेबलं चिकटवत होत्या, आणि वर आल्या त्या कपाळ धरूनच. "गोंदाच्या वासानं होतंय," म्हणाल्या. मी म्हटलं, गोंद तर वर्षभर तोच आहे, मग कालच का दुखलं? डॉक्टरला दाखवू, रक्तदाब बघू, डोळे तपासू. सकाळी पुन्हा तेच धरून बसले, तेव्हा त्या भडकल्या.

"माझं डोकं तुझ्या प्रश्नांनी दुखतंय! नवी टाकी आली तर तुला भीती, ऑर्डर आली तर भीती, नाही आली तर भीती. एक दिवस तुझ्या या शंकाच आमचा धंदा बुडवतील, लिहून ठेव."

"आमचा?" मी म्हटलं. "म्हणजे माझा नाही का?"

बस्स. मग दोघी दोन दिशांना. भाऊजींनी सगळं ऐकलं, मान खाली घालून नाश्त्याचा डबा उघडला आणि खायला लागले. दोन जावांच्या मध्ये पडायचं नाही, हे ते माझ्या लग्नानंतर पहिल्याच वर्षी शिकले होते.

तेव्हा खोपटात मी एकटी, आणि मनात पाल चुकचुकत होती. काय खटकतंय ते कळत नव्हतं, म्हणून जे येतं ते करायला घेतलं. कागदावर समीकरण मांडलं. नव्या टाकीसाठी मी एक सोय केली होती: सूत्रातले आकडेच सरळ किलोत घेतले होते. सायट्रिक ॲसिडच्या सगळ्या अणूंच्या वजनांची बेरीज एकशे ब्याण्णव, म्हणून आम्ल एकशे ब्याण्णव किलो. एका आम्लाला तीन सोडे लागतात, त्यांची बेरीज दोनशे बावन्न, म्हणून सोडा दोनशे बावन्न किलो. एकूण चारशे चव्वेचाळीस. मनात गुणाकार करायची गरजच नाही.

यातून जास्तीत जास्त माल निघू शकतो दोनशे चौऱ्याण्णव किलो. आमचा निघाला दोनशे पंच्याऐंशी. म्हणून सत्त्याण्णव टक्के. इथवर सगळं फळ्यावर होतंच.

पण कॉलेजात आमच्या बाईंनी उताऱ्याच्या पुढचं एक गणित शिकवलं होतं. उतारा तुमची अब्रू राखतो, म्हणायच्या त्या, पण खरी उधळपट्टी लपवतो. टाकलेल्या सगळ्या अणूंपैकी मालात किती जातात ते बघा. मी भागाकार केला. चारशे चव्वेचाळीसमधले दोनशे चौऱ्याण्णव, म्हणजे सहासष्ट टक्के. म्हणजे ढवळ्यानं कितीही मन लावून ढवळलं, उतारा अगदी शंभर टक्के आला, तरी टाकलेल्यातला एक तृतीयांश माल कधी होणारच नव्हता. तो समीकरणातच दुसरीकडे जायला निघालेला होता. शिल्लक दीडशे किलो. त्यातलं अठरा किलो पाणी. उरलेला एकशे बत्तीस किलो वायू, कार्बन डायऑक्साइड, ती सगळी फसफस.

एकशे बत्तीस किलो. मी आणि जाऊबाई एकाच काट्यावर चढलो तर साधारण एवढंच भरेल. (त्यातले जास्त त्यांचे असं मी म्हणते, माझे असं त्या.) दोन धडधाकट बायकांच्या वजनाइतकं काहीतरी दर टाकीला या हॉलमधून बाहेर पडत होतं आणि आम्ही त्याच्यापुढे एक रेघ मारत होतो.

हा वायू उडत नाही. हे मला माहीत होतं, कॉलेजपासून माहीत होतं. पण आमच्या घरात तो शब्द इतक्या वर्षांचा, की मीही "उडाला" असंच म्हणत आले होते. त्याचं वजन चव्वेचाळीस, हवेचं एकोणतीस. तो हवेपेक्षा जड. तो वर जात नाही, खाली बसतो. पाण्यासारखा उताराकडे वाहतो, खड्ड्यात साचतो. पूर्वी आम्ही गच्चीवरच्या पत्र्याखाली लहान पिंपात काम करायचो, तेव्हा तो गच्चीवरून ओघळून वाऱ्यानं पांगत असेल. आता टाकी खाली, हॉलमध्ये होती.

मी खोपटातून बाहेर आले. "भाऊजी, टाकीची नळी कुठे सोडलीय?"

"मागच्या बोळात. का?"

"वर नाही नेली? छतापर्यंत?"

"कशाला उगाच एवढा पाइप? बाहेर काढली की उडून जातंय." त्यांनी फोनवरून मानही वर केली नाही. कुणाला तरी सत्त्याण्णवची खबर देत होते.

मी मागचं दार उघडून बोळात गेले. बोळ म्हणजे आमची भिंत आणि शेजारच्या गोदामाची भिंत यांच्यातली फट. दोन्ही टोकांना कचरा येऊ नये म्हणून कंबरभर उंचीच्या विटा रचलेल्या. वाऱ्याचं नाव नाही. नळी गुडघ्याच्या उंचीवर भिंतीतून बाहेर आलेली आणि तिच्यातून फुसफुस चालू. मी खाली वाकले. नाकात एकदम झिणझिणलं, सोडावॉटर घाईनं प्यायल्यावर होतं तसं. मी झटकन सरळ झाले, आणि तेव्हा मला ती दिसली. नळीपासून हातभर अंतरावर, जमिनीलगत, तळघराची जाळी. कायम तिच्यावर फटींची का होईना, पण फळी ठोकलेली असते. ती फळी आज भिंतीला टेकवून उभी होती.

मी आत पळाले. "ढवळ्या, जाळीवरची फळी कुणी काढली?"

"मोठ्या वहिनींनी काढायला सांगितली ना सकाळी. म्हणाल्या, गोंदाचा वास कोंडतो, जरा मोकळी हवा येऊ दे."

"त्या कुठायत?"

"खालीच. लेबलं लावतायत."

"सोडा थांबव," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता थांबव. आणि ढवळू नकोस."

"अर्ध्यात?"

"थांबव म्हणतेय ना!"

हॉलच्या जमिनीत एक झाकण आहे. त्यातून खाली पोती सोडायची घसरगुंडी जाते. मी ते झाकण उचललं आणि ओणवी होऊन पाहिलं. खाली दिवा चालू होता. जाऊबाई आपल्या बुटक्या स्टुलावर बसल्या होत्या. समोरच्या टेबलावर लेबलांचा गठ्ठा होता, त्यावर आडवा हात आणि हातावर डोकं. दुसरा हात खाली लोंबत होता. एक लेबल बोटाला तसंच चिकटलेलं.

"ताई!"

लोंबता हात हललासुद्धा नाही.

"ताई! अहो ताई!" आणि मग माझ्या तोंडून निघालं, "ऊठ गं! ए, ऊठ!" इतक्या वर्षांत मी त्यांना एकदाही एकेरी हाक मारली नव्हती.

माझा आवाज ऐकून भाऊजी आले. खाली एक नजर टाकली आणि त्यांच्या हातातला फोन खाली पडला. ते जिन्याच्या दाराकडे धावले. मी त्यांच्या आधी पोचले. कशी पोचले ते मला सांगता येणार नाही. मी दारात आडवी झाले, दोन्ही हात चौकटीला लावून.

"बाजूला हो!"

"नाही भाऊजी. खाली वायू साचलाय. तुम्ही गेलात तर तुम्हीही पडाल."

"ती तिथे पडलीय आणि तू मला..."

"तिचं डोकं टेबलावर आहे, म्हणून ती अजून असेल. तुम्ही तिला उचलायला वाकणार, श्वास घेणार, आणि संपलं. मग तुम्हा दोघांना कोण काढणार? दोन मिनिटं द्या मला."

त्यांनी मला ढकललं. माझं कोपर चौकटीवर आपटलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण मी हलले नाही. तेव्हा ते माझ्या तोंडाजवळ येऊन ओरडले, "सकाळी भांडलीस म्हणून! तुला ती नकोच आहे!"

हे वाक्य मला लागायला वेळ नव्हता. ते नंतर लागलं. त्या क्षणी मी फक्त ढवळ्याकडे पाहिलं. "वाळवणीचा ब्लोअर ओढ इकडे. त्याचा कापडी नळा काढ आणि या झाकणातून खाली सोड, वहिनींच्या तोंडापर्यंत. गरम हवेचं बटण बंद, नुसता वारा."

ढवळ्यानं एक प्रश्न विचारला नाही. देव त्याचं भलं करो.

मी भाऊजींचा हात घट्ट धरून त्यांना झाकणाजवळ आणलं. पोती ओढायची लांब लोखंडी आकडी तिथेच होती. तिच्या टोकाला खोक्याचा पुठ्ठा खोचला, लायटरनं पेटवला आणि आकडी खाली सोडली. ज्योत छान पिवळी जळत खाली गेली. जाऊबाईंच्या डोक्याच्या उंचीवर ती खुजी झाली, निळसर झाली. टेबलाच्या खाली गेली आणि कुणी चिमटीत धरावी तशी विझली. धूरसुद्धा वर आला नाही, तिथेच आडवा पसरला.

भाऊजींनी ते पाहिलं. ते झाकणाच्या काठावर मटकन बसले आणि मोठ्यानं तिला हाका मारायला लागले. ज्या नावानं मारत होते ते नाव मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. ते त्या दोघांचं असावं.

ब्लोअर सुरू झाला. नळा फुगला, वळवळला, आणि ढवळ्यानं पोटावर झोपून तो जाऊबाईंच्या चेहऱ्याकडे वळवला. त्यांचे केस उडायला लागले. लेबलं गठ्ठ्यावरून उठून सगळ्या तळघरात भिरभिरली. त्या मात्र हलल्या नाहीत.

थांबणं काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. मी आयुष्यभर काळजी करत आले होते, पण ती सगळी होऊ शकेल अशा गोष्टींची. इथे गोष्ट होऊन गेली होती आणि मला फक्त उभं राहायचं होतं. डोक्यात सतत गणित चालू होतं. ब्लोअर किती हवा फेकतो, तळघर केवढं, त्यातली किती बदलली असेल, जाळीतून अजून आत काय येतंय. आणि त्या गणिताच्या मध्ये मध्ये एक वेगळाच आवाज येत होता: मी चुकले असले तर? ती गोंदाच्या वासानं नुसती चक्कर येऊन पडली असली आणि मी तिच्या नवऱ्याला दारात अडवून तिला मारत असले तर? ज्योत विझताना मी स्वतः पाहिली होती, तरी तो आवाज थांबेना. शंकासुराला स्वतःवरच्या शंकेतून सुटका नसते.

"आता?" भाऊजी दर दोन श्वासांनी विचारत होते. "आता जाऊ?"

"नाही."

"आता?"

"नाही, थांबा." मी त्यांच्याकडे पाहत नव्हते. पाहिलं असतं तर मी हो म्हणाले असते.

मी दुसरा पुठ्ठा पेटवून सोडला. टेबलाच्या खाली गेला, जळत राहिला. अजून खाली गेला, जमिनीवर टेकला. ज्योत वाऱ्यानं फडफडत होती, पण होती. मी भाऊजींच्या कमरेला पोत्यांची दोरी बांधली. पक्की गाठ ढवळ्यानं मारली.

"खाली श्वास घेऊ नका. दार उघडं टाका. तिला काखेतून धरा आणि मागे मागे या."

ते गेले. दोरी माझ्या हातातून सरसर सरकत होती. खालच्या दाराचा आवाज आला. स्टूल पडल्याचा आवाज आला. मग जिन्यावर पावलं, जड, एकेक, आणि भाऊजी वर आले ते उलटे, तिला छातीशी धरून ओढत. चेहरा जांभळा पडलेला, कारण त्यांनी खरोखरच श्वास घेतला नव्हता.

आम्ही तिला पुढच्या अंगणात उघड्यावर आडवं केलं. मी नाकाखाली हात धरला. मला काही कळेना. मी तिच्या छातीवर कान टेकला. आत ठोका होता. भराभर, पळत सुटल्यासारखा, पण होता. श्वासही होता, खोल आणि घाईचा. मला रडू फुटलं. मी तिच्या गालावर चापट्या मारत होते आणि रडत होते.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे किलकिले केले. माझ्याकडे पाहिलं, वर आकाशाकडे पाहिलं. कपाळाला आठी घातली.

"काय गं," ती पुटपुटली. "किती छान झोप लागली होती."

हॉस्पिटलात त्यांना प्राणवायू लावला आणि रात्रभर ठेवून घेतलं. डॉक्टर म्हणाले, डोकं थोडं खाली असतं किंवा अजून थोडा वेळ गेला असता, तर... मी ते गणित आधीच केलं होतं. लेबलांचा गठ्ठा वीतभर उंच होता.

टाकी बंद राहिली. नळी छतापर्यंत गेली, वर वायू ओढून घेणारा पंखा बसला, तळघर रिकामं झालं आणि लेबलांचं टेबल हॉलमध्ये खिडकीशी आलं. हे सगळं भाऊजींनी केलं, माझ्याशी एक अक्षरही न बोलता. माझी नजर चुकवायचे. मला वाटलं, अडवल्याचा राग आहे. मी नवऱ्याला तसं म्हटलंसुद्धा. तो म्हणाला, "दादाला वेळ दे."

कारखाना पुन्हा सुरू झाला त्या दिवशी भाऊजी फळ्यापुढे उभे होते. त्यांनी ओल्या फडक्यानं सासऱ्यांचा तिसरा शब्द पुसायला घेतला. ऑइलपेंट होता, निघेना. मग त्यांनी तो पत्र्याच्या तुकड्यानं खरवडून काढला. मी खोपटात बसून पाहत होते.

"इथे काय लिहायचं?" त्यांनी भिंतीकडे पाहतच विचारलं.

"सुचेल काहीतरी. तोवर नुसता आकडा लिहा. एकशे बत्तीस."

त्यांनी लिहिला. खडू खाली ठेवला. "कोपराला लागलं होतं ना?"

"नाही फारसं." ते अजून काळंनिळं होतं.

"मी जे बोललो..." ते थांबले. "खोटं नव्हतो बोलत. त्या वेळी मला खरंच तसं वाटलं होतं. तेच मला सहन होत नाही."

मलाही ते सहन होत नव्हतं. पण त्या वेळी ते माझं ऐकून थांबले होते, माझ्याबद्दल असं वाटत असूनही थांबले होते, आणि तेवढं मला पुरेसं होतं. मी उठले, ढवळ्याला सोड्याचं माप दिलं.

जाऊबाई आता ठणठणीत आहेत. मला शंकासुर म्हणायचं त्यांनी सोडलं होतं, पण ते मलाच चुकल्या चुकल्यासारखं वाटायला लागलं, म्हणून मी पुन्हा सुरू करायला लावलं. ढवळ्यानं त्यांना सगळं रंगवून सांगितलंय. "मला एकेरी हाक मारलीस म्हणे," त्या म्हणाल्या. "बरं झालं मी बेशुद्ध होते, नाहीतर तिथेच तुला धरलं असतं." आणि मग म्हणाल्या, "तसंच म्हणत जा की." मला जमत नाही. दुसऱ्यांना सांगताना अजूनही "त्या" म्हणते. मनात मात्र "ती" झालीय.

सुट्टीच्या दिवशी जेवण झालं की ती मधल्या खोलीत आडवी होते. मी भांडी आवरते, काहीतरी वाचायला घेते, आणि माझे पाय आपोआप त्या खोलीकडे वळतात. तिची झोप शांत असते. एक हात उशीवर, त्यावर डोकं, दुसरा खाली लोंबता. मी नाकाखाली हात धरायचे, ती दचकून उठायची. "अगं, दोन घटका झोपू दे की मला! माणूस झोपलं की मेलंच असतं का?" आम्ही दोघी हसायचो, मी कबूल करायचे, आणि पुढच्या सुट्टीला पुन्हा तेच.

गेल्या सुट्टीला मी ठरवलं, हात लावायचा नाही. नुसतं दारात उभं राहायचं, पोट वरखाली होतंय का बघायचं आणि परत फिरायचं. पावलं न वाजवता गेले. चौकटीला हात टेकून उभी राहिले. पंखा चालू होता, चादर हलत होती, त्यामुळे नेमकं काही दिसेना. मी श्वास रोखून तशीच थांबले.

तिनं डोळे उघडले नाहीत, कूसही बदलली नाही.

"आहे गं," ती म्हणाली. "नुसती झोपलेय."